सीझनपुरते डीजी सेट आणून बेटाची वीज भागते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की, पर्यटनावर चालणारं एक बेट, मुख्य ग्रिडला जोडलेलं नाही, हिवाळ्यात मागणी साडेतीन मेगावॅटच्या आसपास आणि सीझनच्या दोन-अडीच महिन्यांत रात्रीच्या वेळी ती अकरापर्यंत जाते, बेटावरचं कायमचं पॉवर स्टेशन नऊ मेगावॅटचं (तीन-तीनचे दोन सेट आणि दीड-दीडचे दोन), आणि दर वर्षी कंटेनरमधले डीजी सेट (डिझेल जनरेटर) भाड्याने आणून सीझन निभावला जातो. तर हे बरोबर आहे का, आणायचे तर किती, लावायचे कुठे, आणि त्यापेक्षा बॅटरी किंवा समुद्राखालची केबल का नाही? असे सेट बसवणं आणि चालवणं हेच माझं काम, बरीच वर्षं तेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर द्यायचं तर हो, बरोबर आहे, पण फक्त त्या मेगावॅटसाठी ज्यांची गरज वर्षातून काही शे तासच पडते. लोक सगळी चर्चा पीकवर, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीवर, करतात, अकरा मेगावॅट लागतात आणि नऊ आहेत म्हणजे दोन कमी, आणा दोनचे सेट. असं होत नाही. आधी गेल्या दोन-तीन सीझनचं पंधरा-पंधरा मिनिटांचं लोड रीडिंग काढा आणि मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरत्या क्रमाने लावा, त्यालाच लोड ड्युरेशन कर्व्ह म्हणतात. मग दिसेल की वर्षातल्या ८,७६० तासांपैकी आठ मेगावॅटच्या वर लोड किती तास होता, नऊच्या वर किती, दहाच्या वर किती. पर्यटनाच्या बेटांवर या कर्व्हचा वरचा भाग सुईसारखा टोकदार असतो, शेवटचा एक मेगावॅट कधी कधी वर्षाला शंभर तासही लागत नाही. त्या एका मेगावॅटसाठी कायमचं इंजिन विकत घेऊन दहा महिने झाकून ठेवणं म्हणजे पैसा अडकवणं, तिथे भाड्याचा सेट योग्य. पण तोच भाड्याचा सेट वर्षाला दोन-अडीच हजार तास पळत असेल तर ती वीज फार महाग पडते आणि तिथे दुसरा उपाय शोधायला हवा. एकाच बेटावर दोन्ही प्रकार एकाच वेळी असू शकतात, म्हणून "भाड्याचे सेट चांगले की वाईट" या वादात काही अर्थ नाही, कर्व्हचा कुठला तुकडा कशाने भरायचा एवढाच प्रश्न आहे.

आता किती आणायचे. तुमच्या आकड्यांवरच बघू. नऊ मेगावॅट पाटीवर आहेत, पण तीन मेगावॅटचा एक सेट बंद पडला तर हातात उरतात सहा. बेटावर हिशोब नेहमी सगळ्यात मोठा सेट बंद आहे असं धरूनच करायचा, कारण शेजारून वीज घ्यायला ग्रिड नाही. म्हणजे अकरा वजा सहा, पाच मेगावॅटचा खड्डा, दोनचा नाही. बाजारात मिळतो तो साधारण १,२५० केव्हीएचा म्हणजे एक मेगावॅटचा कंटेनर सेट, पण भर उन्हाळ्यात, रेडिएटरच्या तोंडाशी गरम हवा फिरत असताना तो एक मेगावॅट देईलच असं धरू नका, मी नव्वद टक्के धरतो. म्हणजे सहा सेट, ५.४ मेगावॅट. आणि त्यावर एक जास्तीचा, म्हणजे एकूण सात. तो सातवा चैन म्हणून नाही. ही हाय-स्पीड इंजिनं असतात, १,५०० आरपीएमवर पळणारी, आणि यांचं ऑइल-फिल्टर साधारण २५० तासांनी बदलावं लागतं. सतत चालवलं तर दहा-साडेदहा दिवसांत सर्व्हिसिंग आलंच, आणि सीझनमध्ये रोज कुठला ना कुठला सेट उघडलेला असतो.

इथे रेटिंगची एक गोष्ट नीट बघून घ्या, भाड्याच्या कोटेशनमध्ये याच्यावरूनच सगळ्यात जास्त घोळ होतो. आयएसओ ८५२८ या स्टँडर्डमध्ये एकाच इंजिनाला वेगवेगळी रेटिंग असतात. स्टँडबाय रेटिंग म्हणजे मेन सप्लाय गेला तर तेवढ्यापुरतं, वर्षाला २०० तासांपर्यंत. प्राइम रेटिंग म्हणजे तासांची मर्यादा नाही, पण लोड कमी-जास्त होणारा हवा आणि चोवीस तासांची सरासरी ७० टक्क्यांच्या आत. आणि कंटिन्युअस म्हणजे एकसारख्या लोडवर कितीही वेळ. कोटेशनमध्ये मोठ्ठा आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा स्टँडबायचा, बेटाच्या सीझनला लागतं ते प्राइम. हा फरक दहा टक्क्यांच्या आसपास असतो, सात सेटांमध्ये जवळजवळ पाऊण सेट तिथेच गेला.

सात सेटांचं भाडं द्यायच्या आधी मात्र अकराचा आकडा खाली आणता येतो का ते बघा. माझ्या मते सगळ्यात स्वस्त मेगावॅट इथेच सापडतो आणि याच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. अशा बहुतेक बेटांवर गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापासून आरओ प्लांटवर करतात. एक घनमीटर पाण्याला साधारण साडेतीन युनिट वीज लागते. दिवसाला ५,००० घनमीटरचा प्लांट असेल तर १७-१८ हजार युनिट झाले, म्हणजे चोवीस तास सरासरी सातशे-साडेसातशे किलोवॅट. रात्री आठ ते बारा हा प्लांट बंद ठेवला की पीकमधून पाऊण मेगावॅट गेला, एक अख्खा कंटेनर वाचला. अर्थात त्यासाठी प्लांटची क्षमता वीसेक टक्के जास्त हवी, कारण चोवीस तासांचं पाणी वीस तासांत काढायचंय, आणि तेवढं साठवायला टाकी हवी, शिवाय मेम्ब्रेनला सारखं चालू-बंद आवडत नाही, पण दिवसातून एकदा नीट फ्लशिंग करून बंद करणं चालतं. टाकी आणि दोन पंप यांचा खर्च एकदाच होतो, सेटचं भाडं मात्र दर वर्षी. तीच गोष्ट गावाच्या पाणी चढवणाऱ्या पंपांची, मोठ्या हॉटेलांच्या लॉन्ड्रीची, आणि हल्ली इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगची, भाड्याच्या सगळ्या गाड्या संध्याकाळी परत येतात आणि एकदमच चार्जिंगला लागतात.

मोठ्या हॉटेलांकडे स्वतःचे डीजी असतातच. त्यांच्याशी करार करून पीकच्या दोन तासांत त्यांनी आपला लोड स्वतःच्या सेटवर घ्यायचा, हेही चांगलं चालतं, फक्त ते सेट स्टँडबाय रेटिंगचे असतात म्हणून २०० तासांचं भान ठेवायचं, आणि ऑटो चेंजओव्हर (लोड आपोआप डीजीवर नेणारा स्विच) खरंच चालतो का हे सीझनच्या आधी लोडवर तपासायचं, नुसतं इंजिन स्टार्ट करून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. मालदीवमध्ये तर रिसॉर्टच्या बेटांवर आपापलं डिझेल पॉवरहाऊसच असतं, सार्वजनिक ग्रिडचा संबंधच नाही, त्यामुळे हॉटेलवाल्यांना हे जमत नाही असं कोणी सांगितलं तर मानू नका.

आता कुठे लावायचे. सगळे सेट पॉवर स्टेशनच्या कुंपणात लावणं सोपं, टँकर तिथेच येतो, माणसं तिथेच, ब्रेकर पॅनेल तिथेच. पण सीझनचा लोड वाढतो तो स्टेशनजवळ नाही, तो बेटाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे बीच आणि हॉटेलं आहेत तिथे वाढतो, आणि मधे दहा-पंधरा किलोमीटरची जुनी ओव्हरहेड लाइन. मग स्टेशनवर मेगावॅट भरपूर आणि टोकाला व्होल्टेज पडलेलं, एसीचे कॉम्प्रेसर कमी व्होल्टेजला जास्त करंट ओढतात आणि फीडर, म्हणजे स्टेशनहून त्या भागाला वीज नेणारी लाइन, ओव्हरलोडवर ट्रिप होतो. लोक म्हणतात वीज कमी पडली, खरं तर लाइन कमी पडलेली असते. अशा वेळी सातपैकी दोन सेट त्या फीडरच्या टोकाला लावले तर लाइनमधला करंट उतरतो, आणि लॉस करंटच्या वर्गाप्रमाणे असल्यामुळे करंट निम्मा झाला की लॉस पाव होतो. पण टोकाला सेट लावलात की प्रोटेक्शनचा पुन्हा विचार करावाच लागतो. आत्तापर्यंत फॉल्ट करंट (शॉर्ट सर्किटचा करंट) एकाच बाजूने यायचा, आता दोन्ही बाजूंनी येणार, फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडणारे जुने रिले दिशाच ओळखत नसतील तर भलताच ब्रेकर उडेल. आणि लाइनमनचा जीव, हे सगळ्यात महत्त्वाचं. स्टेशनकडून लाइन बंद केली आणि टोकाचा डीजी चालूच राहिला तर ती लाइन जिवंतच. इंटरलॉक, दोन्ही बाजूंचं अर्थिंग, आणि लेखी परमिट याशिवाय टोकाचा सेट चालू करू देऊ नका, कितीही घाई असली तरी.

विजेचं जोडकाम लोकांना वाटतं त्यापेक्षा मोठं असतं. एक मेगावॅट ४०० व्होल्टला म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण) धरून १,८०० अँपिअर, फेजला चार-पाच जाड सिंगल-कोर केबल, तेही एका सेटचं. म्हणून प्रत्येक दोन सेटांमागे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि मीडियम व्होल्टेजचा ब्रेकर लागतो आणि तो भाड्याच्या ऑर्डरमध्ये आहे का ते बघायचं. पॉवर फॅक्टरवरूनच आठवलं, एसीचा लोड जास्त असलेल्या फीडरवर पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर बँक नीट चालू असतील तर अल्टरनेटरवरचा भार आणि लाइनचं व्होल्टेज दोन्ही सुधारतात, आणि हा खर्च सेटच्या मानाने नगण्य. त्या बँकचे फ्यूज उडालेले असतात आणि वर्षानुवर्षं कोणी बघितलेलंच नसतं.

सिंक्रोनाइझ करणं, म्हणजे फेजचा क्रम, व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि अँगल जुळवून ब्रेकर मारणं, हे हल्लीचे कंट्रोलर आपोआप करतात. त्रास होतो तो लोड वाटून घेताना. स्टेशनची जुनी मीडियम-स्पीड (कमी आरपीएमची) इंजिनं चार-पाच टक्के ड्रूपवर चालतात, म्हणजे लोड वाढला की फ्रिक्वेन्सी थोडी उतरू देतात, आणि भाड्याचे सेट कधी कधी आयसोक्रोनस मोडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सी अजिबात हलू न देणाऱ्या मोडवर, सेट करून पाठवलेले असतात. मग होतं असं की फ्रिक्वेन्सी धरून ठेवायची सगळी धडपड ते छोटे सेट करतात, लोडचा प्रत्येक धक्का तेच खातात, आणि मोठी इंजिनं निवांत. रात्री दहाच्या सुमारास लोड उतरायला लागला की तेच छोटे सेट शून्याच्या खाली जातात, म्हणजे वीज द्यायच्या ऐवजी घ्यायला लागतात, रिव्हर्स पॉवर रिले उडतो आणि एकामागून एक लाइनवरून सुटतात. सगळ्यांना एकसारख्या ड्रूपवर आणा, आणि लोड शेअरिंग कोण ठरवणार, स्टेशनचा कंट्रोलर की कंटेनरवाल्यांचा, हे कमिशनिंगच्या दिवशी नाही तर करारातच लिहून घ्या.

सीझनमधली संध्याकाळ कंट्रोल रूममधून कशी दिसते ते सांगतो, म्हणजे बाकीचं नीट कळेल. दुपारी छतांवरच्या सोलरमुळे लोड सहाच्या आसपास दिसतो आणि सगळं शांत. साडेपाच-सहापासून सोलर उतरायला लागतं, सात वाजता लोक बीचवरून रूमवर येतात, एसी, गीझर, मग हॉटेलांची किचन, दुकानांचे दिवे, आणि दीड-दोन तासांत चार-साडेचार मेगावॅट चढतो. ऑपरेटरने पुढचा सेट लोड पोचायच्या आधी वीस मिनिटं लाइनवर घेतलेला हवा. कारण टर्बो असलेलं इंजिन एकदम पूर्ण लोड उचलत नाही, पन्नास-साठ टक्क्यांचा धक्का झेलतं, त्यापेक्षा मोठा आला तर स्पीड पडतो. दहा मेगावॅटवर एक मेगावॅटचा सेट सुटला म्हणजे दहा टक्के निर्मिती एका झटक्यात गेली, मोठ्या ग्रिडला असं काही जाणवतही नाही, बेटावर फ्रिक्वेन्सी सेकंदाभरात ५० हर्ट्झवरून ४९ च्या खाली आणि अंडर-फ्रिक्वेन्सी रिले फीडर तोडायला लागतात. म्हणून सगळे सेट थोडे थोडे रिकामे ठेवून चालवायचे, सत्तर-ऐंशी टक्क्यांवर, म्हणजे सुटलेल्याचा भार बाकीचे वाटून घेतात. पण फार रिकामेही नकोत. तीस टक्क्यांच्या खाली तासन्‌तास चालवलं की डिझेल पूर्ण जळत नाही, एक्झॉस्टमध्ये काळा ओलसर थर साचतो, त्याला वेट स्टॅकिंग म्हणतात, आणि पीकच्या दिवशी तो सेट धूर ओकतो पण लोड उचलत नाही.

बॅटरीचं खरं काम इथे आहे. लोक बॅटरीकडे दिवसाचं सोलर साठवून रात्री वापरायचं साधन म्हणून बघतात, ते ठीकच, पण बेटावर तिचा पहिला फायदा म्हणजे ती क्षणात उचलते. दोन मेगावॅट एक तासाची बॅटरी असेल तर नुसते राखीव म्हणून फिरणारे दोन सेट बंद ठेवता येतात, सेट सुटला तर बॅटरी धरते आणि तेवढ्यात बंद असलेला सेट सुरू होऊन सिंक होतो. अमेरिकेतल्या नँटकेट बेटाचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे मुख्य भूमीपासून दोन समुद्री केबल आहेत, उन्हाळ्यात लोकसंख्या कित्येक पट होते, आणि एक केबल गेली तर सीझनचा लोड दुसरीवर मावेना अशी वेळ येणार होती. तिसरी केबल टाकायच्या ऐवजी २०१९ मध्ये ६ मेगावॅट, ४८ मेगावॅट-तासांची बॅटरी आणि सुमारे १५ मेगावॅटचा नवा जनरेटर बसवला आणि केबल पुढे ढकलली. केबल असलेल्या बेटावरही प्रश्न शेवटी वर्षातल्या थोड्या तासांचाच निघाला.

केबल आली की सगळं सुटलं, असंही नाही. जुलै २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या हॅटरस आणि ओक्राकोक बेटांची केबल पुलाच्या बांधकामात तुटली, ऐन सीझनमध्ये पर्यटकांना बेटं सोडायला सांगावं लागलं आणि रहिवाशांपुरती वीज फिरत्या जनरेटरवर आली. झांझिबारला तर २००९ च्या डिसेंबरपासून सुमारे तीन महिने मुख्य भूमीकडून वीज नव्हती. ग्रीसमध्ये सायक्लेड्स बेटांपैकी सिरोस, पारोस, मिकोनोस २०१८ मध्ये मुख्य ग्रिडला जोडली गेली, आणि माझ्या मते तिथला मार्ग योग्यच आहे, मोठा आणि वाढत जाणारा सीझन असेल तर शेवटी केबलच स्वस्त. पण केबलला सर्व्हे, परवानग्या, केबल टाकणारं जहाज मिळणं यात वर्षं जातात आणि ती वर्षं फिरत्या सेटांवरच काढावी लागतात. केबल झाल्यावरही बेटावर थोडी निर्मिती राखून ठेवावी लागतेच.

स्टेशनच बंद पडलं तर काय होतं याची दोन उदाहरणं या कामातल्या प्रत्येकाला माहीत असतात. सँटोरिनीला ऑगस्ट २०१३ मध्ये पॉवर स्टेशनला आग लागली, बेट भर सीझनमध्ये अंधारात गेलं, आणि जनरेटर जहाजाने आणून वीज सुरळीत व्हायला कित्येक दिवस लागले. कॅनरी बेटांतल्या ला गोमेरावर ३० जुलै २०२३ ला तसंच, एकुलत्या एका स्टेशनला आग, अख्खं बेट शून्यावर, शेजारच्या बेटांवरून जनरेटर बोटीने आले, पूर्ण वीज परत यायला दोन दिवसांहून जास्त. सगळी निर्मिती एका छपराखाली असण्याचा धोका हा आहे. म्हणूनच मी वर म्हटलं की दोन सेट दुसऱ्या टोकाला असू द्या, त्यामुळे व्होल्टेज तर सुधारतंच, पण स्टेशन गेलं तर दवाखाना, पाणी, बंदर आणि मोबाइल टॉवर एवढं तरी चालू राहतं. त्या सेटांना ब्लॅक स्टार्ट करता येतं का, म्हणजे बाहेरून काहीही सप्लाय नसताना, हे आधीच करून बघा.

डिझेलचा हिशोब. चांगल्या लोडवर एक लिटरला साधारण पावणेचार युनिट. रोज संध्याकाळी सहा तास सरासरी चार मेगावॅट म्हणजे २४ हजार युनिट, साडेसहा हजार लिटरच्या आसपास. हा झाला चांगला दिवस. स्टेशनचा मोठा सेट बंद पडला की हेच कंटेनर चोवीस तास पळणार आणि दिवसाला २०-२५ हजार लिटर लागणार. साठा या वाईट दिवसाप्रमाणे ठरवायचा. कारण बेटावर डिझेल बोटीने येतं, इंधनाचे टँकर प्रवाशांच्या फेरीवर सहसा घेत नाहीत, वेगळी फेरी लागते, आणि ग्रीसच्या एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो, नेमका सीझनमध्ये, तेव्हा बोटी दोन-तीन दिवस बंद राहू शकतात. दुसऱ्या समुद्रात दुसरा वारा असेल, पण अडचण तीच. पाच दिवसांचा साठा म्हणजे लाखाच्या पुढे लिटर, तेवढ्या टाक्या, त्यांच्याभोवती गळती अडवणारं कुंड, आगीची व्यवस्था, हे सगळं जागेच्या नकाशात आधी यायला हवं.

बाकी जागेबद्दल, आवाज हा खरा मुद्दा ठरतो. "सायलेंट" कंटेनर म्हणजे सात मीटरवर ७५ डेसिबलच्या आसपास. सेट दुप्पट झाले की ३ डेसिबल वाढतात, अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात. सात सेट एकत्र म्हणजे ८३-८४, आणि सव्वाशे मीटरवर तरीही ६० च्या जवळपास. रात्री अकरा वाजता शांत खाडीत हे स्पष्ट ऐकू येतं, आणि लोक तिथे शांततेसाठीच पैसे देऊन आलेले असतात. एक्झॉस्टची दिशा, वारा कुठून वाहतो, आणि मधे टेकडी किंवा भिंत आहे का, हे फिरून बघा, नुसतं कागदावर ठरवू नका. युरोपात असाल तर युरोपीय संघाच्या २०१५ च्या मध्यम दहन संयंत्रांच्या निर्देशाकडेही लक्ष द्या. तो १ ते ५० मेगावॅट औष्णिक क्षमतेच्या युनिटना लागू होतो, आणि वर्षाला सरासरी ५०० तासांपर्यंत चालणाऱ्या युनिटना सूट द्यायची मुभा सदस्य देशांना देतो. तास मोजायचं हे आणखी एक कारण.

खारी हवा सेटला फार छळते. समुद्राकाठी दोन आठवड्यांत रेडिएटरच्या जाळीवर मीठ आणि धुळीचा पांढुरका लगदा बसतो, हवा अडते, पाण्याचं तापमान वर जातं आणि सेट हाय टेम्परेचरवर ट्रिप होतो, तेही सगळ्यात गरम दिवशी. गोड्या पाण्याने, कमी प्रेशरने, आतून बाहेरच्या दिशेने धुवायचं, जास्त प्रेशर मारलं की जाळी वाकते. सेट उभा असताना अल्टरनेटरचे हीटर चालू ठेवायचे, नाहीतर वाइंडिंग ओल धरतं.

करार हिवाळ्यातच करा. उत्तर गोलार्धात सगळ्या बेटांचा, सगळ्या उघड्यावरच्या कार्यक्रमांचा सीझन एकच, त्यामुळे वसंतात विचारायला गेलात तर जे उरलंय ते मिळतं, जुनं आणि महाग. सेट सीझनच्या किमान महिनाभर आधी जागेवर हवेत, कारण बंदरातली क्रेन तेवढं वजन उचलेल का, गावातल्या अरुंद रस्त्यावर ट्रेलर वळेल का, वाटेतली मोरी तेवढा भार घेईल का, हे प्रश्न आयत्या वेळी समोर आले की आठवडा जातोच. नंतर लोड बँकवर (चाचणीसाठीच्या कृत्रिम लोडवर) प्रत्येक सेट चार तास पूर्ण लोडला चालवून घ्या. करारात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात, इंधन कोणाचं आणि लिटरला किती युनिटची हमी, उपलब्धता कशी मोजणार (महिन्याच्या सरासरीवर नाही, संध्याकाळच्या पीक तासांवर मोजा, दुपारी चालू आणि रात्री बंद असलेला सेट सरासरीत छान दिसतो), आणि बिघडलेला सेट किती तासांत बदलून देणार. बेटावर "बदलून देऊ" याला तेव्हाच अर्थ असतो जेव्हा सुटे भाग आणि मेकॅनिक बेटावरच असतात.

मग थांबायचं कधी? माझा अंदाज असा, तोच सेट त्याच जागेवर तिसऱ्या सीझनला परत येत असेल आणि वर्षाला पंधराशे-दोन हजार तासांच्या पुढे चालत असेल, तर तेवढे मेगावॅट आता सीझनचे राहिलेले नाहीत, ते बेटाच्या मूळ मागणीचा भाग झालेत. त्या तुकड्यासाठी मीडियम-स्पीडचं कायमचं इंजिन, सोलर आणि बॅटरी, किंवा केबल, यांचा हिशोब मांडायला घ्या, आणि भाड्याचे सेट वरच्या टोकासाठी ठेवा. तुमच्या बेटावर मला वाटतं पाण्याचा प्लांट पीकमधून काढला, हॉटेलांशी करार केला आणि दोन मेगावॅटची बॅटरी आली तर सातच्या जागी चार कंटेनरमध्ये भागेल, पण हे फीडरप्रमाणे तपासल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही. गेल्या दोन सीझनचं पंधरा मिनिटांचं रीडिंग फीडरवार, टोकाच्या सबस्टेशनचं रात्री नऊचं व्होल्टेज, आणि पाण्याच्या प्लांटची क्षमता व टाकीचा आकार, एवढं मिळालं तर कुठल्या फीडरवर किती सेट ते नेमकं काढता येईल.